जैतापूर अणुवीज प्रकल्प

महाराष्ट्राच्या रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात माडबन परिसरात योजिलेला अणुवीज प्रकल्प. त्यात फ्रेंच बनावटीचे प्रत्येकी १,६५० मेवॉ. क्षमतेचे सहा विक्रियक अभिप्रेत आहेत.

विक्रियकात युरेनियमाच्या अणुकेंद्रांचे भंजन होऊन उष्णता निर्माण होते व तिच्यापासून मिळणाऱ्या वाफेवर टरबाइन चालते. वीजनिर्मितीच्या वेळी कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडत नाही, हा समर्थकांचा मुख्य आधार होय. तथापि उष्णतेच्या सुमारे एक तृतीयांश भागाचीच वीज होते. उरलेली बव्हंशी शीतनाच्या पाण्याबरोबर समुद्रात जाते. त्यामुळे मासळी दूर जाईल, अशी साखरी नाटे येथील मच्छीमारांची भीती आहे. भूसंपादन, भूकंपाचा धोका आणि दीर्घकाळ किरणोत्सर्गी राहणारी अपशिष्टे हेही आक्षेपाचे विषय आहेत. जपानमधील फुकुशिमा दुर्घटनेनंतर (मार्च २०११) विरोध तीव्र झाला. १८ एप्रिल २०११ रोजी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक आंदोलक मृत्युमुखी पडला.

वीज मुंबई-पनवेलसारख्या वाढत्या शहरांना हवी आणि जोखीम मात्र किनाऱ्यावरील गावांनी पत्करावयाची, हे या वादाचे मर्म आहे. केवळ तांत्रिक हिशेबाने त्याचा निकाल लागत नाही.