आधी हेल्मेट, मग सचिन

२००० सालच्या सुमारास पुण्यातल्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आम्ही सचिनचे फोटो पाहायचो. पाहायचो म्हणजे वाटच जास्त पाहायचो. आधी नुसतं निळं आकाश यायचं, मग हेल्मेटचा वरचा काठ, मग जाळी. चेहरा उतरेपर्यंत हा सचिन की द्रविड यावर चहाची पैज लागायची. पॅडपर्यंत पोहोचतोय तोच कॅफेवाला ‘वेळ झाली’ म्हणून खांद्यावर हात ठेवायचा. घरची तऱ्हा आणखी वेगळी. इंटरनेट फोनच्याच तारेवरून यायचं, त्यामुळे आईनं मावशीशी बोलायला रिसीव्हर उचलला की सगळं मुसळ केरात.

हीच रखडपट्टी आता काही हौशी प्रोग्रॅमर मुद्दाम घडवतात. त्यासाठी जावास्क्रिप्टच्या वीस-तीस ओळी पुरतात. चित्र आधीच पूर्ण येऊन बसलेलं असतं. स्क्रिप्ट त्यावर एक करडा पडदा टाकते आणि तो वरून खाली, आठ-आठ पिक्सेलच्या पट्टीनं उचलत जाते. खरी कारागिरी असते ती थांबण्यात. पडदा एकसारखा सरकला तर सोंग लगेच उघडं पडतं, कारण जुनी लाइन धापा टाकत चालायची. म्हणून दर पट्टीनंतरची विश्रांती लहरीप्रमाणे बदलती ठेवतात: तीन पट्ट्या झटझट, मग दोन सेकंद ढिम्म. फारच खोडसाळ माणूस असेल तर चित्र हनुवटीपाशी आणून कायमचं अडकवतो.

आठाचा आकडा उगाच घेतलेला नाही. जेपेग पद्धतीत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून ते दाबून साठवतात. साध्या जेपेगमध्ये हे चौकोन डावीकडून उजवीकडे, वरून खाली अशा क्रमानं येतात. जेवढे पोहोचले तेवढे ब्राउझर रंगवतो, म्हणून आधी हेल्मेट. जीआयएफवाल्यांनी यावर एक तोड काढली होती. पहिल्या फेरीत दर आठवी ओळ पाठवायची आणि चार फेऱ्यांत चित्र पुरं करायचं. त्यामुळे अख्खं चित्र सुरुवातीलाच धूसर दिसायचं आणि हळूहळू निवळायचं. चेहरा लवकर ओळखू यायचा, पैज मात्र बुडायची.

थोडा हिशोब मांडू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पुढे डायल-अप मोडेमनं गाठलेली कमाल म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिट. आठानं भागलं की ७ किलोबाइट, तेही कागदावर. आज मोबाइलवर काढलेला ३ मेगाबाइटचा फोटो त्या वेगानं आणायचा तर सात मिनिटं लागतील. तेवढ्यात पोहे होतात.

या थट्टेला खरे दात फुटले ते अमेरिकेत, २०१४ साली. तिथल्या दूरसंचार नियामकाकडे, म्हणजे एफसीसीकडे, एक प्रस्ताव होता. जी संकेतस्थळं जादा पैसे मोजतील त्यांना जलद मार्गिका देण्याची मुभा त्यातून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना मिळणार होती. लोकांना फुकटात आपली पानं बांधू देणाऱ्या निओसिटीज या संकेतस्थळानं सर्व्हरवर काही ओळी लिहिल्या आणि खुद्द एफसीसीच्या कार्यालयातून येणाऱ्यांसाठी आपल्या मुख्य संकेतस्थळाचा वेग २८.८ किलोबिटवर आणून ठेवला. वेग परत हवा असेल तर वर्षाला १००० डॉलर भरा, असंही सांगितलं! वर तो कोड सगळ्यांना वापरायला खुला करून दिला. इथे पडद्याचं सोंग नव्हतं, नळच आवळला होता. माझ्या मते या प्रकारातला हा सर्वांत उत्तम विनोद, कारण तो नेमका ज्याच्यावर व्हायला हवा त्याच्यावर झाला.

पडद्याच्या स्क्रिप्टचं तसं नाही. ती सगळं चित्र आधी उतरवून घेते आणि मग उतरत असल्याचा आव आणते. म्हणजे मुंबईतल्या वायफायवर हसू येतं. पण मेळघाटातल्या एखाद्या गावात, टेकडीवर चढून रेंज धरणाऱ्या मुलीला आधी खरी वाट पाहावी लागते आणि नंतर खोटी. ही गंमत करायची तर एप्रिलच्या पहिल्या तारखेला करावी आणि ‘पुरे’ म्हणायचं एक बटण कोपऱ्यात ठेवावं.

मुद्दाम केलेल्या मंदपणाचा कामाला लावलेला अवतारही आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये फेसबुकनं ‘टूजी मंगळवार’ सुरू केला. कर्मचाऱ्यानं मंगळवारी अ‍ॅप उघडलं की तासभर टूजीच्या वेगानं वापरून पाहणार का, असं विचारलं जायचं. भारतासारख्या देशांतल्या माणसाला आपलं अ‍ॅप कसं दिसतं, ते त्यांना स्वतः अनुभवायचं होतं.

ही सोय तुमच्याही संगणकावर आहे. क्रोममध्ये एफ-१२ दाबा, ‘नेटवर्क’ या भागात ‘नो थ्रॉटलिंग’ लिहिलेलं दिसेल, तिथे ‘थ्रीजी’ निवडा. मग मुलांच्या शाळेचं किंवा तुमच्या बँकेचं संकेतस्थळ उघडा आणि वरच्या पट्टीतला फोटो पुरा व्हायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून पाहा.