जनुकोपचार : एका शास्त्रज्ञाची वाटचाल आणि तिचा धडा

कोलेस्टेरॉल हा शब्द आता घरोघरी ऐकू येतो. मात्र हा स्निग्ध पदार्थ रक्तात का साठतो, हे आपणापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. मी कला शाखेचा पदवीधर, नोकरी बँकेतील कारकुनाची. तेव्हा हा विषय मला जसा उमगला, तसा माझ्याच भाषेत मांडतो.

रक्तातील बरेचसे कोलेस्टेरॉल एलडीएल नावाच्या कणांतून वाहत असते. हे कण मुख्यतः यकृताच्या पेशी उचलून घेतात. त्यासाठी पेशींवर 'ग्राही' नावाचे रेणू असतात. ते बँकेतील खिडक्यांसारखे समजावेत. खिडक्या बंद असल्या की रांग वाढत जाते. हे कोडे अमेरिकेतील डॅलस येथे मायकेल ब्राऊन व जोसेफ गोल्डस्टीन यांनी उलगडले; त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आई व वडील या दोघांकडूनही ग्राहीचे सदोष जनुक आल्यास मुलाच्या यकृतात खिडक्या जवळजवळ नसतातच. अशा मुलांना कोवळ्या वयातच हृदयविकार गाठतो.

मग चांगले जनुकच यकृतात पोहोचवले तर? हा प्रयत्न मिशिगन विद्यापीठातील डॉ. जेम्स विल्सन यांनी १९९२ साली माणसांवर सुरू केला. रुग्णाच्या यकृताचा काही भाग काढावयाचा, त्यातील पेशींत निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत चांगले जनुक घालावयाचे आणि त्या पेशी पुन्हा यकृतात सोडावयाच्या, अशी ती पद्धत होती. १९९५ मध्ये पाच रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. तिघांचे एलडीएल लक्षणीय घटले होते. परंतु फारच थोड्या पेशींनी नवे जनुक स्वीकारले होते. दिशा सापडली, वाहन मात्र अपुरे पडले.

दरम्यान १९९३ मध्ये विल्सन पेनसिल्व्हानिया विद्यापीठात गेले. तेथे यकृताच्याच दुसऱ्या एका आनुवंशिक रोगावर, अडेनोव्हायरस हे वाहन वापरून, चाचणी सुरू झाली. सप्टेंबर १९९९ मध्ये तिच्यात स्वेच्छेने सहभागी झालेला १८ वर्षांचा तरुण चार दिवसांत दगावला. त्याचा आजार औषधांनी व पथ्याने आटोक्यात होता. स्वतःला लाभ होणार नाही हे जाणून, पुढे जन्मणाऱ्या बालकांसाठी तो पुढे आला होता. आधीच्या दुष्परिणामांची माहिती यथायोग्य दिली गेली नाही, असे आक्षेप सरकारी चौकशीत घेण्यात आले. शिवाय विल्सन यांचे या क्षेत्रातील एका कंपनीत आर्थिक हितसंबंध होते. २००५ च्या तडजोडीत कोणी दोष मान्य केला नाही. पण विल्सन यांच्या मानवी चाचण्यांवर २०१० पर्यंत निर्बंध आले.

आमच्या बँकेत व्हाउचर लिहिणारा एक आणि पास करणारा दुसरा असतो. माणूस अप्रामाणिक आहे म्हणून नव्हे, तर आपली चूक आपल्यालाच दिसत नाही म्हणून. मग जेथे जीवाचा प्रश्न आहे, तेथे हा नियम किती कडक असावयास हवा!

विल्सन पुन्हा प्रयोगशाळेकडे वळले. त्यांच्या गटाने एएव्ही नावाच्या, अधिक सौम्य विषाणूंचे नवे प्रकार शोधले. त्यांपैकी एएव्ही-९ वर आधारलेल्या, स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक रोगावरील बालकांच्या औषधास २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. एका मात्रेची किंमत त्या वेळी २१ लाख २५ हजार डॉलर होती! ज्ञान सापडले, तरी ते गरिबाच्या लेकरापर्यंत पोहोचणे हे काम शिल्लकच आहे.

१९९९ च्या चाचणीच्या धड्यांवर २००९ साली विल्सन यांनी स्वतः लेख लिहिला. पुढे २०१८ मध्ये, एएव्हीच्या फार मोठ्या मात्रेने माकडांना व डुकरांच्या पिलांना गंभीर इजा होते, हे त्यांच्याच गटाने जाहीर केले. आपल्याच वाहनातील धोका त्यांनी उघडपणे सांगितला.

विद्यार्थी मित्रांनो, विज्ञान शाखेकडे जरूर जा, मोठे संशोधन करा. पण प्रतिकूल आकडाही वहीत लिहा, आणि ती वही दुसऱ्याला तपासू द्या. ज्याने विश्वासाने आपले शरीर चाचणीसाठी दिले, त्याचे एवढे देणे आपण लागतोच.