वऱ्हाडातील विधिनियमन, ब्रिटिशकालीन

हैदराबादच्या निजामाकडून ब्रिटिशांच्या ताब्यात आलेल्या वऱ्हाड प्रांतासाठी १८५३ ते १९४७ या काळात कायदे करण्याची व ते लागू करण्याची पद्धती. वऱ्हाडाचा (सध्याचे अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा व यवतमाळ हे जिल्हे) प्रत्यक्ष कारभार या काळात ब्रिटिशांच्या हाती होता. तथापि काटेकोर कायदेशीर दृष्टीने हा मुलूख निजामाच्या सार्वभौमत्वाखालील, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानबाहेरचा मानला जाई. सार्वभौमत्व एकाचे व सत्ता दुसऱ्याची, या विसंगतीमुळे कायद्याचा उगम आणि प्रजेचे प्रतिनिधित्व या दोन्ही बाबतींत वऱ्हाड शेजारच्या नागपूर प्रांताहून वेगळा राहिला.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य तिसऱ्या रघूजीच्या मृत्यूनंतर (१८५३) डलहौसीने औरस वारस नसल्याच्या सबबीवर खालसा केले. ते ब्रिटिश मुलूख बनले आणि १८६१ मध्ये सागर व नर्मदा प्रदेशासह त्याचा मध्य प्रांत करण्यात आला. वऱ्हाडाची कथा निराळी आहे. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च भागविण्यासाठी निजामाने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रदेश ब्रिटिशांकडे लावून दिले. १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर दुआब परत मिळाले. वऱ्हाड मात्र ब्रिटिशांकडेच राहिला. या ‘हैदराबादच्या लावून दिलेल्या जिल्ह्यां’चा कारभार हैदराबादचा रेसिडेंट पाहत असे. सर सालारजंग याने हा प्रदेश परत मिळविण्यासाठी केलेले प्रयत्न निष्फळ ठरले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन व निजाम मीर महबूब अली खान यांच्यात करार होऊन वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायम पट्ट्याने ब्रिटिशांकडे आला. निजामाचे सार्वभौमत्व या करारानेही मान्य केले होते. पुढील वर्षी हा प्रांत मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरच्या हाताखाली देण्यात आला व नागपूर हे त्याचेही मुख्य ठाणे झाले.

कायदे लागू करण्याची रीत : ब्रिटिश हिंदुस्थानच्या विधिमंडळाने केलेला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे. सपरिषद गव्हर्नर जनरल, म्हणजे कार्यकारी सत्ता, अधिसूचना काढून तो जशाचा तसा अथवा फेरफार करून लागू करी. भारतीय दंडसंहिता नागपुरात विधिमंडळाच्या अधिकाराने अंमलात होती. अमरावतीत तीच संहिता केवळ सरकारी हुकुमाने चालत असे. खास वऱ्हाडासाठी केलेल्या नियमांना बहुधा ‘ॲक्ट’ न म्हणता ‘लॉ’ म्हणत. ग्रामीण मंडळांचा कायदा (१८८५), नगरपालिका कायदा (१८८६) आणि पाटील व पटवारी कायदा (१९००) ही त्यांची उदाहरणे होत. जमीन महसूल संहिता (१८९६) मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धतीवर आधारलेली होती. त्यामुळे मालगुजारी पद्धतीच्या नागपूर प्रांतापेक्षा येथील शेतकऱ्याचा सरकारशी अधिक सरळ संबंध राहिला.

या पद्धतीतून निघालेला सर्वांत दूरगामी कायदा म्हणजे कापूस व धान्य बाजार कायदा (१८९७) होय. कारंजा येथे १८८६ मध्येच रेसिडेन्सीच्या हुकुमाने कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला होता. १८९७ च्या कायद्याने रेसिडेंटला एखादे ठिकाण बाजार म्हणून जाहीर करण्याचा व त्याच्या देखरेखीसाठी समिती नेमण्याचा अधिकार मिळाला. शेतमालाच्या बाजाराचे नियमन करणारा हा हिंदुस्थानातील पहिला कायदा समजला जातो. मुंबई इलाख्यातील १९२७ च्या कापूस बाजार कायद्यापुढे त्याचाच नमुना होता. असा कायदा विधिमंडळातील चर्चेवाचून अस्तित्वात यावा, यात या पद्धतीचा गुण व दोष दोन्ही दिसतात : निर्णय त्वरित होई, परंतु ज्याच्या मालासाठी तो होई, त्या शेतकऱ्याला त्यात मत नसे.

तुलना : ही रीत केवळ वऱ्हाडापुरती नव्हती. परक्या भूमीवर ब्रिटिश राजसत्तेने गाजवावयाच्या अधिकाराला १८९० च्या परराष्ट्रीय अधिकारिता अधिनियमाने पाया पुरविला. वऱ्हाडासारख्या प्रदेशांना लागू झालेला १९०२ चा सपरिषद आदेश याच अधिनियमाखालील होता आणि पॅसिफिक महासागरातील बेटांसाठी काढलेला १८९३ चा आदेशही त्याच अधिनियमाखालील होता. गिल्बर्ट व एलिस ही बेटे १८९२ मध्ये ब्रिटिश संरक्षणाखाली आली. तेथील नियम पश्चिम पॅसिफिकचा उच्चायुक्त करी. दीर्घकाळ फिजीचा गव्हर्नरच ते पद सांभाळी. दूरच्या अधिकाऱ्याने विधिमंडळावाचून कायदा करावा व गावपातळीवरील स्थानिक प्रमुखांनी तो अंमलात आणावा, हे दोन्हीकडचे साम्य होय.

प्रतिनिधित्व : मध्य प्रांताची विधिपरिषद १९१३ मध्ये स्थापन होऊन १९१४ मध्ये तिची पहिली बैठक भरली. वऱ्हाडातील मतदार आपले प्रतिनिधी निवडत; पण परक्या मुलखातील निवडणुकीने ब्रिटिश परिषदेचे सदस्यत्व मिळू शकत नसल्याने निवडून आलेल्या व्यक्तींची सरकार औपचारिक नियुक्ती करी. १९१९ च्या सुधारणांनंतरही हीच युक्ती चालू राहिली. केंद्रीय विधिसभेत वऱ्हाडाचे प्रतिनिधित्व करणारे माधव श्रीहरी अणे यांच्यासारखे लोकनेतेही कागदोपत्री नियुक्त सदस्यच ठरत. नागपूरच्या परिषदेत चर्चिलेला कायदा वऱ्हाडात येण्यासाठी गव्हर्नर जनरलची अधिसूचना लागे.

निजाम मीर उस्मान अली खान याने १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितला व तेथील जनतेला स्वायत्त राज्यकारभार देण्याची तयारी दर्शविली. लॉर्ड रीडिंगने १९२६ मध्ये ब्रिटिश अधिसत्तेचे श्रेष्ठत्व प्रतिपादन करून ही मागणी फेटाळली. या पत्रव्यवहारात वऱ्हाडी जनतेचे मत कोणीच विचारले नव्हते.

अखेर : १९३५ च्या कायद्याने व १९३६ च्या कराराने हा पेच बराचसा सुटला. निजामाच्या सार्वभौमत्वास पुन्हा मान्यता मिळाली. ‘हैदराबाद व वऱ्हाडचा निजाम’ हा किताब त्याला व ‘वऱ्हाडचा राजपुत्र’ हा त्याच्या वारसाला देण्यात आला. त्याबरोबरच ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ हा एकच प्रांत मानून त्याच्या ११२ सदस्यांच्या विधानसभेला १९३७ पासून वऱ्हाडासाठी थेट कायदे करता येऊ लागले. अधिसूचनांनी लागू झालेल्या अनेक केंद्रीय कायद्यांना १९४१ च्या वऱ्हाड कायदे अधिनियमाने विधिमंडळाचा आधार दिला. १९४८ मध्ये हैदराबादच्या सामिलीकरणानंतर निजामाचा दावा संपुष्टात आला. १९५० मध्ये वऱ्हाड मध्य प्रदेशाचा, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचा व १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. १९२८ ची वऱ्हाड जमीन महसूल संहिता मध्य प्रदेशाच्या १९५४ च्या संहितेपर्यंत टिकली. कायद्याची उपयुक्तता आणि तो करणाऱ्याचा अधिकार हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, हे वऱ्हाडाच्या या इतिहासावरून स्पष्ट होते.