खाडीत मृतदेह सापडला म्हणजे बुडूनच मृत्यू झाला का? डॉक्टर हे कसं ओळखतात?

नेरुळच्या सारसोळे जेट्टीजवळ किंवा ठाणे खाडीच्या काठी कुठेही मृतदेह सापडला की, व्हॉट्सॲपवर निकाल लागतो : 'अंगावर जखमा आहेत, म्हणजे खूनच!' पोलीस मात्र आधी 'अकस्मात मृत्यू'ची नोंद करतात. कारण पाण्यात मृतदेह सापडणं आणि पाण्यात बुडून मृत्यू होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फसवी लक्षणं कोणती?

तळहाताची कातडी पांढरी पडून सुरकुतली, तर शरीर बराच वेळ पाण्यात होतं एवढंच कळतं. मृत्यूनंतर पाण्यात टाकलेल्या शरीराचंही तसंच होतं. चेहरा कुजल्यामुळे सुजतो. जखमा खेकडे, मासे किंवा खडकांमुळे मृत्यूनंतरही होऊ शकतात.

मग डॉक्टर काय बघतात?

पहिली खूण म्हणजे नाकातोंडाशी आलेला पांढरा, बारीक फेस. पुसला तरी छाती दाबल्यावर तो पुन्हा येतो. दुसरी, फुगलेली, जड झालेली फुप्फुसं. तिसरी, घट्ट मुठीत अडकलेलं गवत किंवा चिखल. ही खूण क्वचितच दिसते, पण पाण्यात पडताना माणूस जिवंत होता, असं ती सांगते. शरीर कुजल्यावर फेसासारख्या खुणा नाहीशा होतात.

डायटम चाचणी म्हणजे काय?

डायटम हे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ. त्याचं कवच सिलिकाचं असल्यामुळे सहजी नष्ट होत नाही. बुडताना हृदय सुरू असेल, तर ते फुप्फुसातून रक्तात आणि तिथून हाडांच्या मगजात पोहोचतं. मगजातल्या डायटमची तुलना त्या जागच्या पाण्याशी केली जाते. पण एकट्या या चाचणीवरही निष्कर्ष काढता येत नाही.

बुडून मृत्यू झाला, म्हणजे आत्महत्या किंवा अपघात?

तेही नाही. 5 मार्च 2021 रोजी मुंब्र्याच्या रेतीबंदर खाडीत ठाण्यातल्या एका व्यापाऱ्याचा मृतदेह सापडला. अँटिलियाजवळ स्फोटकांसह सापडलेल्या गाडीशी त्यांचं नाव जोडलं गेलं होतं. सुरुवातीला आत्महत्येची चर्चा झाली. ते उत्तम पोहायचे, असं सांगत कुटुंबीयांनी ती फेटाळली. पुढे एनआयएने आरोपपत्रात हा खून असल्याचा आरोप ठेवला.

माणूस पाण्यात गेला तेव्हा जिवंत होता का, एवढं डॉक्टर सांगू शकतात. तो पाण्यात कसा गेला, हे तपासातूनच कळतं. म्हणून असा फोटो आला तर फॉरवर्ड करण्याआधी थांबा. त्याच्या घरचेही त्याच उत्तराची वाट बघत असतात.