गुण सारखे, मग चषक एकालाच का?

पेण-रोह्याकडच्या बुद्धिबळ स्पर्धांत बक्षीस समारंभाआधी हमखास एक वाद रंगतो: गुण सारखे, मग आमचा मुलगा तिसरा कसा? निकालाचा कागद भिंतीवर लागला की पालकांची बोटं शेवटच्या रकान्यावर अडतात.

तो रकाना ‘बुखोल्झ’चा, म्हणजे खेळाडूच्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळवलेल्या गुणांची बेरीज. समजा, दोघांचे 6 पैकी 5 गुण आहेत. पण एकाच्या प्रतिस्पर्ध्यांचे मिळून 22, दुसऱ्याच्या 19.5. पहिल्याला तगडे गडी भेटले, म्हणून तो वर.

मुळात या स्पर्धा ज्या पद्धतीने होतात, ती 1895 मध्ये झुरिचला प्रथम वापरलेली स्विस पद्धत बाद फेरीपेक्षा न्याय्यच. कॅरममध्ये पहिल्याच सामन्यात दादा खेळाडू समोर आला की घरचा रस्ता! स्विसमध्ये हरलेलाही शेवटपर्यंत खेळतो आणि सारख्या गुणांचे शक्यतो एकमेकांसमोर येतात.

तरी बुखोल्झमध्ये नशीब असतंच. प्रतिस्पर्धी कुणी स्वतः थोडेच निवडतो? रोख बक्षिसांना हॉर्ट पद्धत बरी: निम्मी रक्कम क्रमांकाप्रमाणे, निम्मी बरोबरीतल्यांत समान.

आयोजकांनो, यातलं काय लागू, ते पहिल्या फेरीआधीच फळ्यावर लिहा. आणि कुणाला आपल्या निकालाचा हिशोब समजून घ्यायचा असेल, तर खुशाल विचारा.