तेलदाबमापक, मोटारगाडीतील

अंतर्ज्वलन-एंजिनाच्या धारव्यांना (फिरत्या दंडांच्या आधारांना) पंपाने पुरविल्या जाणाऱ्या वंगण तेलाचा दाब चालकासमोरील तबकडीवर दाखविणारे उपकरण. बहुतेक साध्या गाड्यांत दाब फार उतरला की पेटणारा तांबडा दिवा तेवढा असतो. जुन्या क्रीडामोटारींत मात्र काट्याचा मापक असे. त्यामुळे दाबातील लहानमोठे चढउतारही दिसतात आणि चालकाच्या काळजीत भर पडते. ही काळजी अनाठायी नसते. दाब नाहीसा झाल्यास धारवा व भुजादंड यांमधील तेलाचा पातळ थर तुटतो आणि धातूवर धातू घासून धारवे थोड्याच वेळात निकामी होतात. उलटपक्षी मापकच सदोष असताना एंजिन उकलणे हा व्यर्थ खर्च होय. म्हणून काटा अस्थिर झाल्यास दाब खरोखरच बदलत आहे की केवळ मापन चुकत आहे, हे प्रथम ठरवावे लागते. काटा एकाएकी शून्यावर आला, तर हा निर्णय होईपर्यंत एंजिन बंद ठेवणेच इष्ट.

मापकाचे दोन प्रकार आहेत. यांत्रिक प्रकारात एंजिनातील तेल बारीक नळीने थेट मापकात येते व तेथील वक्र, चपटी नळी दाबाने किंचित सरळ होऊन काटा फिरविते. यूझेन बूर्दाँ या फ्रेंच अभियंत्यांनी १८४९ मध्ये या नळीचे एकस्व घेतले. पालघर जिल्ह्यातील बोईसर येथील तारापूर औद्योगिक क्षेत्रात बाष्पित्रांवर दिसणारे दाबमापकही याच तत्त्वावर चालतात. विद्युत् प्रकारात एंजिनावर बसविलेला संवेदक दाबानुसार आपला विद्युत् रोध बदलतो आणि तारेने जोडलेला मापक तो बदल दाबाच्या रूपाने दाखवितो.

पंप तेलाचा प्रवाह निर्माण करतो. दाब उद्भवतो तो धारव्यांच्या फटींतून या प्रवाहास होणाऱ्या विरोधामुळे. तेल तापून पातळ झाले व एंजिनाची गती मंदावली की दाब उतरणे स्वाभाविक असते. एम.जी.बी. या ब्रिटिश क्रीडामोटारीसाठी धावताना दर चौ. सेंमी.ला सु. ३·५ ते ५·६ किग्रॅ. आणि निष्क्रिय गतीत सु. ०·७ ते १·७ किग्रॅ. दाब योग्य मानला जातो. मुंबई–अहमदाबाद महामार्गावर बराच वेळ वेगाने धावलेली गाडी मनोरहून पालघरकडे वळून गर्दीत रेंगाळू लागली की काटा खाली येतो. त्यात दोष असेलच असे नाही. तोच काटा वळणावर क्षणभर कोसळत असेल, तर मात्र तेलाची पातळी तत्काळ पाहावी. तेल एका बाजूस सरकून पंपाची शोषनळी उघडी पडते व पंपात हवा शिरते. हा बिघाड खरा आहे, मापकाचा नव्हे.

काट्याच्या हालचालीवरून पुष्कळ उलगडा होतो. काटा मंदपणे चढत असेल, तर मापकाकडे जाणारी नळी गाळाने चोंदल्याचा संभव असतो. तापल्यावर दर वेळी सारखाच व हळूहळू उतरणारा दाब झिजलेले धारवे, पेट्रोल मिसळून पातळ झालेले तेल किंवा कचरा अडकून अर्धवट उघडी राहिलेली दाबनियंत्रक झडप दर्शवितो. जाड तेल घालून काटा वर आणण्याची युक्ती प्रचारात आहे. तिने झीज भरून येत नाही, फक्त नजरेआड होते. विद्युत् मापकाचा काटा खड्ड्यात झटक्याने टोकास जात असेल, तर सैल किंवा उघडी पडलेली तार शोधावी. दिवे लावताच तो हलत असेल, तर भूयोजन (अर्थिंग) तपासावे. इंधन व तापमान यांचे काटेही बरोबरीने हलत असतील, तर दोष बहुधा सामाईक विद्युत् पुरवठ्यात किंवा भूयोजनात असतो.

तारापूर–चिंचणी किनाऱ्यावरील खाऱ्या, दमट हवेत हे दोष विशेष संभवतात, कारण तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढून रोध वाढतो. जोड खरवडून स्वच्छ व घट्ट करणे हा पहिला व स्वस्त उपाय होय. एकतारी संवेदकाचे भूयोजन त्याच्या आट्यांतूनच होते. गळती थांबविण्यासाठी आट्यांवर फीत जाड गुंडाळल्यास तेच खंडित होऊ शकते.

निर्णायक परीक्षा मात्र एकच. संवेदक काढून त्या जागी विश्वासार्ह यांत्रिक मापक बसवावा, एंजिन पूर्ण तापवावे आणि निष्क्रिय गतीत व मिनिटास सु. ३,००० फेऱ्यांना दाब वाचावा. तो निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत स्थिर असल्यास संवेदक, तारा किंवा गाडीतील मापक बदलावा. तो कमी भरल्यास तेल, गाळणी, नियंत्रक झडप, पंप व शेवटी धारवे या क्रमाने तपासणी करतात. यांत्रिक मापकाची रबरी जोडनळी जुनी असल्यास तीही याच वेळी बदलावी. ती फुटल्यास पंप एंजिनातील तेल बाहेर टाकतो आणि तेव्हा काट्याने दाखविलेले शून्य खरे असते.