‘सोशलिस्ट’ हा शिक्का अमेरिकेत किती मतं खातो?

आज सुरुवात फ्लोरिडापासून करू. नोव्हेंबर २०२०. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हे राज्य ट्रम्प यांनी जिंकलं, ५१ टक्क्यांहून थोडी जास्त मतं घेऊन. त्याच मतपत्रिकेवर आणखी एक प्रश्न होता: किमान वेतन टप्प्याटप्प्याने तासाला १५ डॉलरवर न्यायचं का? त्याला सुमारे ६१ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. आता गंमत बघा. १५ डॉलर ही बर्नी सँडर्स यांची लाडकी मागणी, आणि सँडर्स स्वतःला उघडपणे समाजवादी म्हणवतात. तिकडे ट्रम्प यांचा प्रचार काय? तर बायडन आले की समाजवाद आला! खरं तर बायडन यांनीच प्रायमरीत सँडर्सना हरवलं होतं. पण शिक्का मारायला तेवढं कोण बघतं?

मायामीत हा शिक्का जोरात बसला. क्युबा, व्हेनेझुएला, निकाराग्वा सोडून आलेली कुटुंबं तिथे मोठ्या संख्येने राहतात. ‘समाजवाद’ म्हटलं की त्यांना आठवतं ते जप्त झालेलं घर, गेलेलं दुकान, तुरुंगातला काका. मायामी-डेड काउंटीत २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन जवळपास ३० टक्क्यांनी पुढे होत्या. बायडन यांची आघाडी ७ टक्क्यांवर आली. दोन डेमोक्रॅट खासदार बाईंच्या जागाही गेल्या. कारण एकच होतं असं नाही, पण हे मोठं होतं.

आपल्याला हे जरा अजब वाटतं. आपल्याकडे १९७६ पासून हा शब्द संविधानाच्या उद्देशिकेत आहे, आणि पक्षाची नोंदणी करायची तर समाजवादावर निष्ठा आहे असं लिहून द्यावं लागतं. मग पक्ष कुठलाही असो!

अमेरिकेतही हा शब्द कायम असा नव्हता. १९१२ मध्ये युजीन डेब्स सोशलिस्ट पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले आणि सुमारे ६ टक्के मतं घेऊन गेले. १९२० मध्ये तर तुरुंगात असताना त्यांना ९ लाखांवर मतं पडली. रशियातली क्रांती, मग शीतयुद्ध, आणि हा शब्द शत्रूच्या खात्यात जमा झाला.

लेखक अप्टन सिंक्लेअर यांनी हा फरक स्वतः अनुभवला. कॅलिफोर्नियात सोशलिस्ट म्हणून उभे राहिले तेव्हा त्यांच्याच हिशोबाने ६० हजार मतं. १९३४ मध्ये डेमोक्रॅट म्हणून, ‘कॅलिफोर्नियातली गरिबी संपवा’ म्हणत गव्हर्नरपदाला उभे राहिले, तर ८ लाख ७९ हजार! मोठ्या पक्षाचं तिकीट आणि मंदीचा काळ, हेही होतंच. तरी ते हरले. पण १९५१ मधल्या एका पत्रात त्यांनी लिहिलं, की लोक समाजवाद घेतील, पण त्यावरची पाटी घेणार नाहीत.

आजचं गणित? गॅलपने २०२० मध्ये विचारलं होतं: तुमच्या पक्षाने समाजवादी उमेदवार दिला, तर मत द्याल का? ४५ टक्के ‘हो’. डेमोक्रॅट्समध्ये ७६, अपक्ष विचारांच्या मतदारांत ४५, रिपब्लिकन्समध्ये १७. म्हणजे प्रायमरीत, जिथे मुख्यतः पक्षाचेच लोक मत देतात, तिथे हा शिक्का फारसा आड येत नाही. खरी अडचण पुढे, काठावरच्या मतदारसंघात.

न्यूयॉर्क शहर काठावरचं नाही, तिथे डेमोक्रॅट्सचंच पारडं जड. म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहरान ममदानी (हो, दिग्दर्शिका मीरा नायर यांचा मुलगा) पाटी न लपवता महापौर झाले. त्यांचा प्रचार होता घरभाडं, बस आणि पाळणाघर यांवर. विजयाच्या भाषणात त्यांनी डेब्स आणि नेहरू, दोघांचेही शब्द घेतले.

त्याच रात्री व्हर्जिनियात अबिगेल स्पॅनबर्गर गव्हर्नरपदाची निवडणूक जिंकल्या. त्याही डेमोक्रॅटच. २०२० मध्ये खासदारकी थोडक्यात वाचल्यावर पक्षाच्या फोनबैठकीत भडकून ‘सोशलिस्ट हा शब्द पुन्हा कधीही तोंडातून काढू नका’ असं सहकाऱ्यांना सुनावणाऱ्या, त्या याच बाई.